डी उतरला म्हणजे मोठा भूकंप येणार का?

विरारहून लोकल पकडली की डहाणू. तिथल्या डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी परिसरात लोक ऐन थंडीत घराबाहेर तंबूत झोपत होते. त्यांचा प्रश्न एकच होता: मोठा येणार का? फ्रॅक्टल मितीवरून हे सांगता येतं, असा दावा वाचला की मला थांबावंसं वाटतं.

आधी पद्धत बघू. भूकंप-केंद्रांच्या जोड्या घ्यायच्या. किती जोड्या १ किमीच्या आत, किती २ किमीच्या आत, असं मोजत जायचं. लॉग-लॉग आलेखावर सरळ रेष आली तर तिचा उतार म्हणजे मिती, डी. केंद्रं प्रतलभर पसरली असतील तर डी २ च्या जवळ, एका रेषेवर असतील तर १ च्या जवळ. दावा असा की मोठ्या भूकंपाआधी केंद्रं गोळा होतात आणि डी उतरतो.

माझे आक्षेप तीन.

पहिला, नोंदींचा. हैदराबादच्या एनजीआरआयने इथे स्टेशनं बसवल्यावर आधी न दिसणारे बारीक धक्केही दिसू लागले. मग बदललेला डी जमिनीचा की यंत्रांचा? शिवाय केंद्राची जागा ठरवण्यात १ किमीची चूक असेल, तर ३०० मीटर अंतरावरचा उतार हा त्या चुकीचाच उतार असतो.

दुसरा, सिद्धांताचा. आकीने १९८१ मध्ये डी हा बी-मूल्याच्या दुप्पट असावा असं मांडलं, म्हणजे दोन्ही सोबत वाढायला हवेत. १९८९ मध्ये हिराताला जपानच्या तोहोकू भागात नेमकं उलटं नातं दिसलं.

तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा. किल्लारीला १९९२ मध्ये लहान धक्के बसले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ चा भूकंप झाला. पालघरला त्याहून कितीतरी जास्त धक्के बसले, पण मोठे म्हणावेत तेही ४ च्या आसपासच थांबले. गोळा होणं दोन्हीकडे, शेवट वेगळा. भूकंप झाल्यावर मागे वळून सोयीची खिडकी निवडली, तर उतरता डी कुठेही सापडतो.

म्हणून पद्धत टाकून द्यायची का? नाही. भेगांची रचना समजायला ती खरंच उपयोगी आहे. पण अंदाज म्हणायचं असेल तर खिडकी, किमान तीव्रता आणि डी ची मर्यादा आधी ठरवा, लिहून ठेवा. मग किती बरोबर आले, किती हुकले, किती वेळा उगाच घंटा वाजली, तिन्ही छापा.

पेपर वाचताना तो तिसरा आकडा शोधा. उगाच वाजलेल्या प्रत्येक घंटेला तंबूत रात्र काढणारं कुणीतरी असतं.