लाच आणि चहापाणी

ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २०२० च्या आशिया पाहणीत भारताचा लाचेचा आकडा ३९ टक्के आला, १७ देशांत सर्वांत जास्त. आदल्याच वर्षी त्याच संस्थेच्या भारतीय शाखेने लोकलसर्कल्सबरोबर केलेल्या पाहणीत तो ५१ होता. म्हणजे वर्षभरात बारा टक्के सुधारणा? ही वजाबाकीच होऊ शकत नाही. २०१९ ची पाहणी ऑनलाइन; तिथे ज्याला चीड आलेली असते तो हटकून उत्तर देतो. आणि ३९ टक्के सगळ्या लोकांपैकी नव्हेत, तर आदल्या १२ महिन्यांत पोलीस, न्यायालय, सरकारी दवाखाना, ओळखपत्रं, वीज-पाणी अशा सेवांशी ज्यांचा संबंध आला त्यांच्यापैकी.

जमिनीचं खातं या यादीत नाही. २०१९ च्या पाहणीत मात्र तेच सर्वांत वर होतं.

माझं गाव राधानगरी तालुक्यात. तिथे सामान्य घराचा सरकारशी मुख्य व्यवहार जमिनीचाच: वारसनोंद, फेरफार, सातबारा. बाप जाऊन दहा वर्षं झाली तरी उताऱ्यावर त्याचंच नाव, अशी घरं असतात. कुणाचं भाऊबंदकीमुळे अडलेलं असतं, कुणाचं ‘आता कोण एवढे घालणार’ म्हणून. हा दुसरा माणूस कार्यालयाची पायरीच चढत नाही. पाहणीत तो ‘संबंध आला नाही’ म्हणून नोंदला जातो आणि टक्केवारीतून गळतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात रिकामा रकाना शून्य धरला तर नवशिक्यालाही बोलणी बसतात.

शिवाय ‘लाच’ हा आमच्याकडे पेपरातला शब्द. लाचलुचपतवाल्यांनी कुणाला रंगेहाथ पकडलं की वापरायचा. एरवी असतं ते चहापाणी, नाहीतर एजंटाची फी. त्या फीतले किती कुठे गेले हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ‘लाच दिली का?’ विचारलं तर तो मनापासून ‘नाही’ म्हणेल. ज्याला ठाऊक आहे त्याने तरी अनोळखी माणसाला का सांगावं? २०१८ च्या कायदादुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका. वॉर्नर यांनी १९६५ मध्येच उत्तर देणाऱ्याचं गुपित राखणारी पद्धत सुचवली होती. तिने भीती जाईल, पण चहापाण्याला लाच म्हणायला कुणी लागणार नाही.

म्हणून मी तो शब्दच प्रश्नावलीतून काढून टाकीन. काम कोणतं होतं, किती खेपा झाल्या, घरातून एकूण किती गेले आणि पावती कितीची मिळाली, एवढंच विचारावं. काम होतं पण गेलाच नाहीत, तर का, हेही. वजाबाकी पाहणी करणाऱ्याने करावी.