पडद्यावरचा मुका

१९७२ साली पँथर निघाली. त्याच साली ‘गोलपिठा’ आला. १९७८ ला ‘बलुतं’, १९८० ला ‘उपरा’, १९८४ ला ‘अक्करमाशी’, १९८६ ला बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’, १९८७ ला ‘उचल्या’. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. तिथून १४ जानेवारी १९९४ पर्यंत, म्हणजे साडेपंधरा वर्षं, माणसं मोर्चे काढत होती, लाठ्या खात होती, तुरुंगात जात होती. १९८८ च्या फेब्रुवारीत ‘रिडल्स’साठी मुंबईच्या रस्त्यावर निळा समुद्र उतरला. तेव्हा आपला माणूस गप्प बसला होता असं कुणाला म्हणायचं असेल, तर त्याने दुसरं दशक शोधावं. या दशकात तो एवढा बोलत होता की प्रस्थापितांचे कान किटले होते.

आणि नेमका याच दशकात चांगल्या म्हणवणाऱ्या हिंदी सिनेमातला आपला माणूस मुका होता.

हे मला आत्ताच का आठवलं? आपल्या अभ्यासवर्गाने ठरवलंय, की विहाराच्या हॉलमध्ये चार शनिवार १९८० ते ८९ मधले उत्कृष्ट चित्रपट दाखवायचे. पोरापोरींकडून याद्या मागवल्या. आल्या त्या सगळ्या एकाच साच्यातल्या. ‘अर्धसत्य’, ‘आक्रोश’, ‘पार’, ‘दामुल’, ‘जाने भी दो यारो’. एका पठ्ठ्याने ‘मिस्टर इंडिया’ घातला होता, तो निदान मनापासून तरी होता! बाकी याद्या कुठून तरी उतरवलेल्या. त्या काळी फिल्म सोसायटीच्या खुर्च्यांत बसणाऱ्यांनी ज्याला थोर म्हटलं, त्यालाच आपण चाळीस वर्षांनी थोर म्हणायचं काय? म्हणायचं तर म्हणू. पण आपल्या तराजूत तोलून म्हणू.

सुरुवात ‘आक्रोश’पासून करतो, कारण सगळ्या याद्यांत तो वर आहे. १९८० चा चित्रपट, गोविंद निहलानींचा पहिला, पटकथा विजय तेंडुलकरांची. लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. खरं तर तिच्यावर बलात्कार करून तिला मारलंय ते गावातल्या बड्यांनी. हे बडे कोण, तर जंगलाचा ठेकेदार, पुढारी, पोलीस, एकमेकांच्या पंगतीला बसणारे सगळे. सरकारने दिलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी लहान्याला विचारतो, पुन्हा विचारतो, हात जोडतो. लहान्या बोलत नाही. ओम पुरीने ते नुसत्या डोळ्यांनी केलंय आणि त्याबद्दल त्याला सलाम. ज्या कोर्टात न्याय मिळणार नाही तिथं तोंड उघडून उपयोग काय, हा त्या मुकेपणाचा अर्थ आहे हे मला कळतं. तो खोटा अर्थ नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांचे बाप फौजदारासमोर असेच गप्प उभे राहिलेत.

पण पुढं बघा. या चित्रपटात बोलणारा आदिवासी एकच आहे, सरकारी वकील दुसाने. शिकला, कोट घातला, मोठा झाला आणि लहान्याच्या विरोधात उभा राहिला. म्हणजे हिशेब असा झाला की जो आपला आहे तो मुका, आणि ज्याला वाचा फुटली तो विकला गेला. मधला माणूसच नाही. शिकला आणि आपल्याच लोकांसाठी बोलला असा एकही आदिवासी तेंडुलकरांना सापडू नये? ‘गोलपिठा’ला प्रस्तावना लिहिणारे तेंडुलकरच ना हे? नामदेव ढसाळांची भाषा समजून घ्यायला जो लेखक वस्तीत हिंडला, त्याने आठ वर्षांनी लहान्याच्या तोंडाला कुलूप घातलं. कुलकर्णीला मात्र तळमळायला अख्खा चित्रपट दिला.

आणि शेवट. बापाच्या चितेजवळ लहान्याला बेड्या घालून आणतात. तो कुऱ्हाड उचलतो आणि आपल्या तरण्या बहिणीवर घालतो, का, तर तिचीही बायकोसारखी गत होऊ नये म्हणून. मग किंचाळतो. थिएटरात माणसं सुन्न व्हायची. मी विचारतो, कुऱ्हाड बहिणीवरच का? ठेकेदार समोर उभा आहे! आमच्या अभ्यासवर्गातली एक मुलगी म्हणाली, “दादा, लहान्याचा आक्रोश ऐकला हो सगळ्यांनी, तिचा कुणी ऐकला?” या वाक्यानंतर ‘आक्रोश’ माझ्या यादीतून खाली आला. दाखवा जरूर, गोव्याच्या महोत्सवात सुवर्णमयूर मिळालेला चित्रपट आहे तो. (तेव्हा महोत्सव गोव्यात नव्हे, दिल्लीत होता म्हणा.) पण सर्वोत्कृष्ट म्हणून नको.

‘पार’ (१९८४) आणि ‘दामुल’ (१९८५) यांच्यावर फार वेळ घालवत नाही. ‘पार’मध्ये बिहारमधून परागंदा झालेलं मजूर जोडपं पोटासाठी डुकरांचा कळप नदीपार नेतं. नसीरुद्दीन आणि शबाना अक्षरशः पाण्यात, डुकरांत. पाहताना श्वास अडकतो. तरी मनात येतं, की या दोघांना एवढं भिजवून दिग्दर्शक गौतम घोष आपल्याला सांगतात काय? की माणूस चिवट आहे. ते आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे राव. ‘दामुल’ला राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळालं. त्यात वेठबिगार फासावर जातो आणि शेवटी त्याची बायको जमीनदारावर हत्यार चालवते. निदान इथं हत्यार योग्य माणसावर पडलं. एवढ्यासाठी मी ‘दामुल’ला ‘आक्रोश’च्या वर ठेवीन, कलेचे पंडित काही म्हणोत.

आता ‘सद्गती’. यावर पोरांचा राग. सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी केलेला, तासाभराच्या आतला चित्रपट, प्रेमचंदांच्या कथेवर. दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला पंडिताकडे जातो, पंडित त्याला फुकटात कामाला जुंपतो, तापातून उठलेला उपाशी दुखी लाकडाचा ओंडका फोडता फोडता मरतो. पोरांचं म्हणणं, हाही गरीब गाय, हाही न बोलता मेला. शिवाय कथा १९३० च्या आसपासची, म्हणजे महाडचं पाणी पेटून गेल्यावरची. प्रेमचंदांना महाड दिसलं नाही का? प्रश्न रास्त आहे.

तरी मी ‘सद्गती’च्या बाजूने भांडतो. हा चित्रपट दुखीचा नाही, पंडिताचा आहे. दुखी मेल्यावर खरा चित्रपट सुरू होतो. चांभारवाड्यातले लोक प्रेत उचलायला येत नाहीत. पोलीस येतील, चौकशी होईल, आम्ही हात लावणार नाही. हा बहिष्कार आहे लक्षात घ्या! आजवर बहिष्कार गावाने आपल्यावर टाकला, इथं आपण गावावर टाकला. मग पहाटेच्या चिखलात पंडित एकटा, हात न लावता प्रेताच्या पायात दोरीचा फास अडकवतो आणि ते ओढत नेतो, मेल्या ढोरांच्या जागेवर टाकतो. आमच्या चाळीत एकाच घरी टीव्ही होता. तिथं दाटीवाटीने बसून हे पाहिलं तेव्हा शेजारची म्हातारी, जिने उभ्या जन्मात मेलेली ढोरं ओढणारा आपला नवरा पाहिला होता, मोठ्यानं म्हणाली, “वाकला का न्हाई शेवटी! ओढ म्हणावं आता.” समीक्षा याला म्हणतात. पंडिताच्या कामावर मोहन आगाशे आहेत, ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस, आणि इथं त्या पंडिताचं नावच घासीराम. हा योगायोग मला अजून हसवतो.

याद्यांत एक नाव कुणीच घातलं नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. केतन मेहतांचा ‘भवनी भवाई’, १९८० चा, गुजराती. भवाई म्हणजे गुजरातचा तमाशा म्हणा. ती रचणारा असाईत ठाकर जातीने बहिष्कृत केलेला माणूस होता असं परंपरा सांगते, आणि मेहतांनी चित्रपट ज्यांना अर्पण केला त्यांत हा असाईत आणि जर्मन नाटककार ब्रेख्त दोघं शेजारी बसवलेत. गावातून उठलेले काही अस्पृश्य शहराकडे निघालेत. रात्री मुक्कामाला एक म्हातारा पोरांना गोष्ट सांगतो. गोष्टीत अस्पृश्यांच्या गळ्यात मडकं आणि पाठीला झाडू आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. भीमा कोरेगावच्या स्तंभापुढं आपण दर १ जानेवारीला ज्या पेशवाईची आठवण काढतो तीच ही खूण. राजाच्या विहिरीला पाणी लागत नाही, म्हणून बत्तीसलक्षणी तरुणाचा बळी द्यायचं ठरतं. तो तरुण अस्पृश्यांत वाढलेला जीवो. आणि जीवो सौदा करतो! बळी जाईन, पण आधी आमच्या माणसांच्या गळ्यातलं मडकं आणि पाठीचा झाडू काढा.

या एका अटीमुळे हा चित्रपट त्या दशकातल्या बाकी सगळ्या कथांपेक्षा वेगळा झाला. इथला अस्पृश्य सत्तेशी बोलतो, अट घालतो, हसतो, टवाळी करतो, गातो. राजा मूर्ख आहे, त्याचे पंडित विदूषक आहेत. आणि सुखाचा शेवट दाखवून झाल्यावर चित्रपट तो स्वतःच मोडतो, कारण तो खोटा आहे. दुसऱ्या शेवटात बळी जातो, आणि पाणी उसळतं ते राजाला गिळायला. १९८१ च्या जानेवारीत अहमदाबादेत राखीव जागांविरुद्ध दंगल पेटली. गळ्यातलं मडकं काढायला निघालेल्यांना गुजरातने काय उत्तर दिलं ते चित्रपटानंतर लगेच रस्त्यावर दिसलं. ‘भवनी भवाई’ला राष्ट्रीय एकात्मतेचं बक्षीस मिळालं होतं. सरकारी खात्यालाही विनोदबुद्धी असते म्हणायची.

कथापटांत पहिला नंबर माझ्या मते याचा. ‘सद्गती’ दुसरा. पण दशकातला सर्वोत्कृष्ट चित्रपट विचाराल तर मी कथापटांच्या बाहेर जाईन, आणि इथंच अभ्यासवर्गात आरडाओरडा झाला. आनंद पटवर्धनांचा ‘हमारा शहर’, १९८५. मुंबईच्या झोपड्या पाडण्याचा माहितीपट. “माहितीपट आणि सिनेमा एका तराजूत कसा घालता?” असं विचारलं गेलं. का नाही घालायचं? झोपड्यांवर १९८१ मध्ये ‘चक्र’ हा कथापटही आला होता, जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा. त्याची जाहिरात कशी झाली? नळावर अंघोळ करणाऱ्या स्मिता पाटीलच्या पोस्टरने. झोपडपट्टीचं दुःख विकायला बाईचं उघडं अंग लागलं.

‘हमारा शहर’मध्ये साहेब लोक बोलतात, शहर स्वच्छ ठेवण्याची भाषा करतात. आणि ज्यांची घरं पडतात तीही माणसं बोलतात, मुद्देसूद, शिव्यांसकट. त्यात एक बाई कॅमेऱ्यालाच झापते. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला त्याचं काय, असा तिचा रोख. पटवर्धनांना तो तुकडा कापता आला असता. त्यांनी ठेवला. दहा वर्षांच्या समांतर सिनेमात आपल्याकडे पाहणाऱ्याला असं तोंडावर विचारणारं दुसरं पात्र मला आठवत नाही. तिला कुणी संवाद लिहून दिले नव्हते. त्याच साली सुप्रीम कोर्टाने ओल्गा टेलिस खटल्यात सांगितलं, की पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, मात्र नोटीस देऊन झोपड्या हटवायला हरकत नाही. कोर्टाची ही दुटप्पी भाषा आणि त्या बाईची भाषा शेजारी ठेवून वाचा.

दोष आहे तो सांगतो. ‘हमारा शहर’मध्ये गरीब दिसतो, जात धूसर राहते. त्यात गाणारे शाहीर विलास घोगरे. ते आपले, हे त्या चित्रपटात कळत नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घालून १० माणसं मारली आणि काही दिवसांत घोगरेंनी गळफास घेतला. तिथून पुढं चौदा वर्षं चित्रीकरण करून पटवर्धनांनी २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ केला. पहिल्या चित्रपटात जी जात निसटली तिचा शोध त्यांना घोगरेंच्या मरणापासून घ्यावा लागला. दोन्ही ओळीने पाहिले तर पहिल्याची उणीव जास्त टोचते, आणि टोचू द्यावी.

आता ‘फँड्री’वाल्यांचा आक्षेप. हे सगळे बाहेरचे, आपला कॅमेरा नागराज मंजुळेंचाच, असं त्यांचं म्हणणं. कबूल. कैकाडी घरातलं जिणं ‘उपरा’ने १९८० मध्ये कागदावर आणलं आणि ‘फँड्री’ने २०१३ मध्ये पडद्यावर. मध्ये ३३ वर्षं. कागद-पेन स्वस्त असतं, कॅमेरा नसतो, त्यामुळे १९८० च्या दशकात आपल्या माणसाचा कथापट नाही. म्हणून त्या दशकाला शून्य गुण द्यायचे आणि मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. जब्याने कॅमेऱ्यावर दगड मारला, त्याआधी अठ्ठावीस वर्षं त्या बाईने शब्द मारला होता.

तर माझी चार नावं ‘हमारा शहर’, ‘भवनी भवाई’, ‘सद्गती’, ‘दामुल’, याच क्रमाने. ‘आक्रोश’साठी भांडणाऱ्यांनी पुढच्या अंकाला दोन पानं लिहून पाठवावीत. फक्त त्या बहिणीबद्दल काय म्हणायचंय ते पहिल्या पानावर यावं.