क्षमायाचना आणि भरपाई

मद्यमुक्तीच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ (१९३९) या ग्रंथातील नववी पायरी प्रायश्चित्ताच्या जवळची वाटते. परंतु प्रायश्चित्ताने पापी शुद्ध होतो, येथे दुखावलेल्याचे देणे फेडावयाचे आहे. केवळ दारू सोडून समाधान मानणाऱ्यास ग्रंथकार वादळात घर उद्ध्वस्त झाले असता वारा थांबल्याचा आनंद मानणाऱ्या शेतकऱ्याची उपमा देतो. ती अचूक आहे.

सर्वांत मार्मिक आहे तो अपवाद : भरपाईने त्या व्यक्तीस अथवा इतरांस इजा पोहोचणार असेल, तर ती करू नये. दुसऱ्याचा संसार मोडून स्वतःची मनःशांती मिळविणे ग्रंथास मान्य नाही. परंतु इजेचा निवाडा करावयाचा कोणी? या अपवादाच्या आडोशास भ्याडपणाही राहू शकेल. इतरांना गोवणाऱ्या कृतीपूर्वी त्यांची संमती घ्यावी, असे ग्रंथकार सांगतो. मौन राखण्यापूर्वी कोणास विचारावे, याविषयी त्याचे विवेचन तितके निःसंदिग्ध नाही.