‘णार’ची चलती

आपल्या वृत्तपत्रांत हल्ली एका प्रत्ययाची मोठी चलती आहे. तो प्रत्यय म्हणजे ‘णार’. क्वांटम संगणक जग बदलणार, कृत्रिम बुद्धिमत्ता नोकऱ्या खाणार, दुर्धर आजार हटवणार! केव्हा, कोणाच्या हिशेबाने आणि कोणत्या अटीवर, यांतले काहीच मथळ्यात नसते. पंचांगवाला निदान तिथी तरी सांगतो. कादंबरीतला नायक तिसऱ्या प्रकरणात ‘मी गड घेणार’ असे म्हणाला, तर वाचक शेवटच्या पानापर्यंत त्याला सोडत नाही. वृत्तपत्राचे बरे असते. कालचा अंक रद्दीत गेलेला असतो.

२०१९ सालचीच गोष्ट घ्या. गूगलच्या ५३ क्यूबिटांच्या यंत्राने एक गणित २०० सेकंदांत केले. सर्वांत मोठ्या महासंगणकाला त्यासाठी १०,००० वर्षे लागली असती, असा दावा झाला. (क्यूबिट म्हणजे या यंत्राचा मूळ घटक. तो इतका हळवा, की जराशा उष्णतेनेही बिघडतो.) आयबीएमच्या शास्त्रज्ञांनी उत्तर दिले की, आमच्या हिशेबाने अडीच दिवस पुरतील. शिवाय ते गणित मुद्दाम शर्यतीसाठी निवडलेले. व्यवहारात त्याचा उपयोग नव्हता. मथळ्यांत मात्र दहा हजार वर्षेच मिरवली.

आपल्याकडेही काम चालले आहे, आणि ते थट्टेचे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये संरक्षण संशोधन खात्याच्या पुण्यातील प्रयोगशाळेने कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेबरोबर सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पुरी केली. सहा! हा आकडा मला आवडतो, कारण तो खरा आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली, तिचे उद्दिष्ट आठ वर्षांत ५० ते १००० क्यूबिटांचे संगणक हे. हाही ‘णार’च, पण त्याला मुदत आहे, माप आहे, उद्या जाब विचारता येईल.

बिनमुदतीचा ‘णार’ घराघरांत काय करतो, ते आम्हा शिक्षकांना दिसते. आमच्या नवीन पनवेलमध्ये एक गृहस्थ काळजीने विचारीत होते, “सर, पोरीला डॉक्टर होऊन क्ष-किरणचित्रे तपासायचे काम करायचे आहे. पण ते तर आता यंत्रच करणार म्हणतात. मग एवढी वर्षे आणि पैसे कशाला घालवायचे?”

हे भाकीत कोणा ऐऱ्यागैऱ्याचे नव्हे. पुढे २०२४ साली भौतिकीचे नोबेल मिळवणारे जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्येच सांगितले होते, की असे डॉक्टर शिकवणे आताच थांबवावे. पाचएक वर्षांत यंत्र त्यांच्यापुढे जाईल. पाच वर्षे केव्हाच उलटली. यंत्रे मदतीला आली खरी, पण चित्राखाली सही अजून डॉक्टरांचीच लागते.

मी त्या गृहस्थांना वर्षांचा हा हिशेब सांगितला, आणि त्यांनी वाचलेल्या बातमीत हे कोण म्हणाले होते, कधीपर्यंत, तेही विचारले. मथळा त्यांना तोंडपाठ होता. बाकीचे आठवत नव्हते.