‘पाहिजे’ आणि ‘लागणे’ : चिनी भाषेतील अनिवार्यता व अनुवादकाचा निवाडा

चिनी भाषेत कर्तव्य किंवा सक्ती व्यक्त करताना कर्त्याचे रूप बदलत नाही आणि क्रियापदाचेही नाही. औचित्यदर्शक ‘यिंगगाय’, बोलीत रुळलेला ‘देइ’ आणि आदेशाच्या जवळ जाणारा ‘बीश्यू’ हे शब्द क्रियापदापूर्वी येऊन अनिवार्यतेची तीव्रता ठरवतात. मराठीत हा भार विभक्तीवरही पडतो. ‘तिने गेले पाहिजे’ या वाक्यातील स्त्री कर्तव्याची धनी आहे. ‘तिला जावे लागले’ यात ती परिस्थितीची भोक्ती ठरते. त्यामुळे ‘देइ’युक्त साधे वाक्य मराठीत आणताना बंधन आतले की बाहेरचे, याचा निर्णय अनुवादकाला करावा लागतो.

तीव्र अनिवार्यतेसाठी चिनी भाषा दुहेरी नकार योजते. ‘बुदअबु’ आणि ‘फेइ… बुखअ’ या रचना मराठीतील ‘गेल्यावाचून गत्यंतर नाही’ या वळणाशी जुळतात. परंतु साम्य येथेच थांबते. ‘फेइ’ची रचना निरुपायाप्रमाणेच हट्टही सुचवते, तेव्हा मराठीत ‘तो जाणारच’ हा ‘च’कारच तिला न्याय देतो. एकाच रचनेतून अगतिक आणि हटवादी अशी दोन भिन्न पात्रे उभी राहू शकतात. निवड संदर्भानेच करावी लागते.

या प्रश्नाचे नैतिक परिमाण लू शुन यांच्या ‘जूफू’ (१९२४) या कथेत स्पष्ट होते. श्यांगलिनच्या विधवेला सासू बळाने नेते आणि डोंगरातील एका गावी तिचा पुनर्विवाह लावते. ती धूपाच्या मेजावर डोके आपटून घेते. पुढे मात्र त्याच घरी नांदते, तिला मुलगा होतो. कालांतराने सोबतची मोलकरीण ल्यू मा तिला विचारते, की अखेर तू राजी कशी झालीस? ती नवऱ्याच्या शारीरिक बळाकडे बोट दाखवते. ल्यू माला ते पटत नाही. या संशयातून आणि परलोकातील शिक्षेच्या भीतीतून ती देवळाला उंबरठा अर्पण करते, तरीही पूजेच्या वस्तूंना तिचा हात लागू दिला जात नाही.

सक्ती की संमती, हाच या कथेतील वाद आहे. ‘तिला नांदावे लागले’ असे लिहिणारा अनुवादक सहानुभूतीपोटी का होईना, निवाडा आधीच देऊन मोकळा होतो. ल्यू माचा प्रश्न मग केवळ दुष्टपणाचा ठरतो आणि त्यामागील समाजमान्य नीतीचे क्रौर्य झाकले जाते. सक्ती स्पष्टपणे सांगण्यासाठी चिनी भाषेजवळ ‘बुदअबु’सारखी निःसंदिग्ध साधने आहेत. म्हणून मूळ वाक्यात ती नसतील, तेथे ‘नांदली’ एवढेच म्हणून थांबणे अधिक प्रामाणिक होय. अनिवार्यतेचा तौलनिक अभ्यास अशा शब्दांच्या अर्थच्छटांबरोबरच त्यांच्या अनुपस्थितीचीही नोंद घेईल, तरच तो कथेच्या आकलनास उपकारक ठरेल.