ग्रेट पाच, आणि बाहेर राहिलेला वॉरेल

2000 साली ‘विस्डेन’ने विसाव्या शतकातले पाच क्रिकेटपटू निवडले. 100 परीक्षक, प्रत्येकाला पाच मतं. ब्रॅडमनला 100 पैकी 100 मतं, सोबर्सला 90, हॉब्जला 30, वॉर्नला 27, रिचर्ड्सला 25. ‘ऑल टाइम ग्रेट’वरून आपण ग्रुपवर घालतो त्या वादांपेक्षा ही यादी केव्हाही बरी. 99.94 च्या सरासरीपुढे वाद घालणार तरी काय?

तरीही मला ती अपुरी वाटते, फ्रँक वॉरेलमुळे.

51 कसोटी, 3860 धावा, सरासरी 49.48. आकडे उत्तम, पण सोबर्ससमोर फिके. मात्र वेस्ट इंडीजच्या संघात कृष्णवर्णीयांनी धावा करायच्या, बळी घ्यायचे आणि कर्णधार बहुधा गोराच, अशी तेव्हाची रीत होती. 1948 मध्ये जॉर्ज हेडलीला नेतृत्व मिळालं, तेही एकाच कसोटीपुरतं. अख्ख्या मालिकेसाठी कृष्णवर्णीय कर्णधार नेमायला 1960 उजाडलं. तो वॉरेल. त्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातली ब्रिस्बेनची पहिलीच कसोटी टाय झाली. कसोटीच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. मालिका तो 2-1 ने हरला, पण त्याच्या संघाला निरोप द्यायला मेलबर्नचे रस्ते माणसांनी भरले.

यावर एक आक्षेप मलाही पटतो. वॉरेलला कर्णधार करा म्हणून सी. एल. आर. जेम्स यांनी वर्तमानपत्रातून मोहीम चालवली होती. मग श्रेय एकट्या वॉरेलचं कसं? शिवाय तो नसता तर आज ना उद्या दुसरा कुणी झालाच असता.

झाला असता, मान्य. पण जेम्स यांच्या मोहिमेने त्याला फक्त पद मिळालं. वेगवेगळ्या बेटांवरच्या खेळाडूंचा एक संघ बांधणं आणि हरूनही परक्या प्रेक्षकांना जिंकणं हे काम त्याचं स्वतःचं होतं. सोबर्सने पुढे कर्णधारपद घेतलं ते थेट वॉरेलनंतर.

म्हणून मी दोन याद्या करतो. ‘ग्रेट’च्या यादीत कौशल्य आणि आकडे बघतो. ‘प्रभावी’च्या यादीसाठी विचारतो: हा माणूस वजा केला, तर नंतरच्यांचा खेळ तसाच राहिला असता का? ब्रॅडमन दोन्हीकडे बसतो. त्याला रोखायलाच तर बॉडीलाइन जन्माला आली. वॉरेल पहिल्या यादीत नाही. दुसरीत त्याचं नाव मी सर्वांत आधी लिहीन.