वाऱ्याची दिशा आणि शिकाऱ्याचा गंध

बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला असलेल्या एका गावातील शाळेत आम्ही गेलो होतो. आठवीच्या वर्गात आदल्या आठवड्यात जिम कॉर्बेट यांची चौगडच्या नरभक्षक वाघांची कथा मराठीतून वाचून झाली होती. तिच्यावर बोलणे चालले असताना एका मुलीने विचारले, "सर, अंगाले शेण फासलं त अस्वलाले आपला वास नाही येणार ना?" तिचे आजोबा रोज पहाटे डोंगराकडच्या वावरात जातात. प्रश्न गमतीचा नव्हता.

शिकारकथा हा आपल्याकडे आवडीने वाचला जाणारा प्रकार आहे, आणि प्राण्यांविषयी मुलांच्या मनात ज्या कल्पना रुजतात त्यांपैकी बऱ्याच तेथूनच येतात. म्हणून त्यांतील एका कल्पनेची जरा चिकित्सा करावी असे वाटले. ती कल्पना अशी, की माणसाला आपला गंध लपवता येतो.

प्रथम कॉर्बेटविषयी. माणसाला घ्राणशक्तीच नाही, पण हे वाघाला ठाऊक नसते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून नरभक्षक वाघ माणसाशीही हरणासारखाच वागतो. आपला गंध सावजाकडे जाऊ नये यासाठी तो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालून येतो. वारा समोरून येत असेल तर धोका पाठीमागे, हे ओळखून कॉर्बेट वाऱ्याला आडवे, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, असे नागमोडी चालत. निरीक्षण आणि अनुमान यांचा हा सुंदर नमुना आहे. वर्गात तो जरूर वाचावा.

पण त्यात मोजदाद नाही. किती हल्ले वाऱ्याविरुद्ध झाले, किती वाऱ्याबरोबर, हे कॉर्बेट सांगत नाहीत. कान्हामध्ये वाघांचा अभ्यास केलेले जॉर्ज शॅलर पुढे सेरेंगेटीच्या सिंहांकडे वळले. तेथे त्यांना दिसले, की सिंह वाऱ्याची दिशा लक्षातच घेत नाहीत, मात्र योगायोगाने वाऱ्याविरुद्ध गेलेल्या सिंहांना यश अधिक मिळते. म्हणजे केवळ यशस्वी शिकारी पाहणाऱ्याला वाटणार, की सिंह वारा ओळखून चालतो. माणूस सावज असेल तर मात्र हा दोष येत नाही, कारण माणूस वासाने सावध होत नाही. नरभक्षकाला वाऱ्याचे भान नसेल तर त्याचे हल्ले सगळ्या दिशांनी सारखेच व्हायला हवेत. ही तपासणी फक्त कॉर्बेट यांनाच शक्य होती, आणि नेमके तेच आकडे त्यांनी ठेवले नाहीत, याची आम्हाला हळहळ वाटते.

माणसाला घ्राणशक्ती नाही हेही खरे नव्हे. पहिल्या पावसानंतरच्या मृद्गंधातील जिओस्मिन हा पदार्थ हवेच्या एक लाख कोटी भागांत काही थोडे भाग असला तरी आपल्याला जाणवतो. वाघाच्या गंधखुणेत बासमती तांदळाचा सुवास असतो हे रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास दाखवून दिले. तो रेणू एकच आहे, आणि आपल्या आंबेमोहोरातही तोच. फरक आहे तो गंधग्राहींच्या संख्येत. माणसात कार्यक्षम गंधग्राही जनुके सुमारे ४००, कुत्र्यात ८०० च्या आसपास, गाईत आणि डुकरात हजाराच्या वर आणि हत्तीत जवळजवळ २०००. अर्थात केवळ जनुके मोजून नाकाची तीक्ष्णता ठरत नाही, नाही तर गाय कुत्र्याच्या पुढे गेली असती!

आता शेणाकडे येऊ. आपल्या शरीरातून गंध कसा बाहेर पडतो? ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरील जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा वासाची आम्ले तयार होतात. शिवाय त्वचेचे सूक्ष्म कण दर मिनिटाला हजारोंनी झडतात, श्वास चालूच असतो, केस, कपडे, चपला आहेतच. शेण फासल्याने यांतील काहीही थांबत नाही, शेणाच्या वासाची त्यात भर पडते एवढेच. प्राण्याचे नाक हे रेडिओसारखे नसते, की एका केंद्राने दुसरे दाबून टाकावे. फोडणीच्या वासातही करपलेला कांदा ओळखणारी गृहिणी हे जाणते.

अमेरिकेत शिकार कायदेशीर आहे, त्यामुळे तेथे या भ्रमाचा मोठा व्यापार झाला आहे. सक्रिय कोळशाचे अस्तर असलेले पोशाख घातले की हरणाला वास येत नाही, अशी जाहिरात असते. कोळसा गंधाचे रेणू शोषतो हे खरेच आहे, आपण वर्गात त्याने रंगीत पाणी स्वच्छ करून दाखवतोच. २००२ मध्ये असे पोशाख घातलेल्या माणसांना शोधायला तरबेज कुत्री सोडण्यात आली, तेव्हा त्यांनी जवळजवळ सगळ्यांना शोधून काढले. फरक पडला तो हवामानाने. २००७ मध्ये मिनेसोटात काही शिकाऱ्यांनीच उत्पादकांविरुद्ध दावा लावला. गंध 'नाहीसा' होतो हा दावा खोटा, असे २०१० मध्ये एका न्यायालयाने म्हटले. 'नाहीसा' म्हणजे शंभर टक्केच असे नाही, असे म्हणून २०११ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न्यायालयाचे काम शब्दाच्या अर्थाशी, आपले काम आकड्याशी.

तेव्हा आकडाच पाहू. गंधाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते असे ढोबळमानाने धरा. हरणाला तुमचा वास ४०० मीटरवरून येत असेल आणि तुम्ही ९० टक्के गंध दाबलात, तर तो येणार सुमारे १२६ मीटरवरून. ९९ टक्के दाबलात तरी ४० मीटरवरून येणारच. धनुर्धारी शिकाऱ्याला त्याहूनही जवळ जायचे असते.

आपल्याकडचे जुने शिकारी या फंदात फारसे पडले नाहीत असे दिसते. महाराष्ट्रातील फासेपारध्यांच्या शिकारपद्धतींचा अभ्यास कैलाश मल्होत्रा, माधव गाडगीळ आदींनी १९८० च्या दशकाच्या आरंभी केला होता. फासेपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने कळपाजवळ सरकत आणि फासे लावत. आमच्या मते यातली खुबी गंध लपवण्यात नसून, हरणाला रोज दिसणारे, रोज हुंगलेले दृश्य पुढे करण्यात होती. (१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बंद झाली, आणि तो कायदा योग्यच आहे. मात्र पारध्यांचे ज्ञान नोंदवण्याआधीच त्यांना गुन्हेगार ठरवणे त्याच्याही शंभर वर्षे आधी सुरू झाले होते.)

वास येणे आणि वासाला भिणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हा मुद्दा शिकारकथांत हरवतो. आपले शेतकरी जागलीला बसतात, कुंपणाला माणसाचे केस टांगतात. रोही आणि रानडुकरे दोन-चार रात्री बिचकतात आणि मग खुशाल तूर खातात. वास तोच असतो, भीती गेलेली असते. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेतशिवारांतून, रस्ते ओलांडत सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरमध्ये ज्ञानगंगेत पोहोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे हे कळले. वाटेत माणसाचा वास नाही अशी एक रात्रही त्याला मिळाली नसेल.

राहिले अस्वल. अस्वलाची नजर आणि कान बेताचे, नाक मात्र उत्तम. त्याचे बहुतेक हल्ले माणूस अचानक जवळ आल्यामुळे होतात. ते घाबरते आणि तोंडावर येते. अजिंठ्याच्या रांगेतील या उतारांवर, मोठा वारा नसेल तेव्हा, रात्रभर थंड झालेली जड हवा पहाटे डोंगरावरून गावाकडे वाहत असते. उन्हे चढली की ती उलट वर जाऊ लागते. पहाटे वावराकडे चढणाऱ्या माणसाचा गंध अशा वेळी मागे गावाकडे जातो. वर, बोरी-वारुळांकडून परतणाऱ्या अस्वलाला त्याची चाहूलच लागत नाही. म्हणजे आजोबांचा गंध निसर्गाने आधीच लपवलेला आहे, आणि धोका आहे तो त्यामुळेच.

त्या मुलीला आम्ही हे सांगितले, आणि शेणाऐवजी उदबत्ती न्यायला सुचवले. दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी गुरुजींसह पाच-सहा मुले गावाच्या वरच्या टोकाला उदबत्त्या घेऊन उभी राहिली. धूर गावाकडे उतरत होता. नऊच्या सुमारास तो वळला. मुलांनी तीन आठवडे रोज त्याची नोंद ठेवली. चार दिवस धूर पहाटेच उलट, वर गेला, आणि त्याचे कारण अजून आम्हाला सांगता आलेले नाही. आजोबांनी काठीला घुंगरू बांधले आहेत, आणि ज्या दिवशी धूर खाली येतो त्या दिवशी ते मोठ्याने खाकरत वर जातात.